यंत्राचे दुभाषी

आमच्या घरात भाषेवर पोट भरलेली दोन माणसे होती. माझे आजोबा जिल्ह्याच्या कोर्टात दुभाषी होते, आणि त्यांचे धाकटे बंधू, ज्यांना आम्ही मुले भाऊआजोबा म्हणत असू, त्याच कोर्टात भाषांतरकार. मला कळू लागले तोवर दोघेही पेन्शनीत निघाले होते. पण दिवाळीत फराळाची ताटे पुढे आली की कोर्टाच्या गोष्टी सुरू होत, आणि त्या गोष्टींचे पर्यवसान हटकून एकाच वादात होई. खरे अवघड काम कोणाचे, दुभाष्याचे की भाषांतरकाराचे?

आमचे गाव कानडी मुलखाच्या काठावर. साक्षीदार कानडी, वकील मराठी आणि दप्तर इंग्रजी, असा तिहेरी कारभार. आजोबा साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभे राहावयाचे. साक्षीदाराने एक वाक्य बोलावे, आजोबांनी ते त्याच पावली इंग्रजीत सांगावे, साहेबाने लिहून घ्यावे. वकिलाने तोच प्रश्न दहा वेळा विचारला आणि साक्षीदाराने तेच उत्तर दहा वेळा दिले, तर आजोबांनाही तेच भाषांतर दहा वेळा करावे लागे. भाऊआजोबांचे काम निराळे. मोडीतली गहाणखते, वाटणीपत्रे, सावकारांच्या वह्या यांचे गठ्ठे घेऊन ते ओसरीवर बसत. आधी सारा कागद वाचावयाचा, कोणता शब्द कोणाला लागतो ते ठरवावयाचे, आणि मग इंग्रजी भाषांतर लिहून काढावयाचे. त्याला दोन-दोन दिवस लागत. पण एकदा भाषांतर झाले की ते झाले. कोर्टाने ते शंभरदा वाचले तरी भाऊआजोबांना कोणी हाक मारीत नसे.

"अण्णा, तुमचे काम हवेत विरून जाते, माझे कागदावर राहते," असे भाऊआजोबा म्हणत. "अरे, पण माझा साक्षीदार समोर उभा असतो. घोटाळा झाला तर तिथल्या तिथे विचारता येतो. तुझा सावकार मरून तीस वर्षे झाली, त्याला काय विचारणार?" असे आजोबांचे उत्तर. वाद विनोदात संपे. एकदा मात्र आजोबा चकली ताटात ठेवून जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दुभाष्याची चूक कोणाला दिसत नाही रे. साक्षीदाराला इंग्रजी येत नाही, साहेबाला कानडी येत नाही. मी चुकलो तर ते मलाच ठाऊक. आणि मलाही ठाऊक नसले, तर मग देवालाच."

हे वाक्य मी त्या वयात ऐकले आणि विसरलो. पुढे माझे पोट गणकयंत्रावर चालू लागले, आणि तेथेही हेच दोघे भाऊ मला भेटले. इंग्रजीत एकाला इंटरप्रिटर म्हणतात, दुसऱ्याला कंपायलर. आपण खिशातल्या फोनवर बोट ठेवतो, बँकेतून पैसे काढतो, आगगाडीचे तिकीट काढतो, त्या प्रत्येक वेळी या दोघांपैकी कोणीतरी आपले काम आधीच करून गेलेला असतो किंवा आत्ता करीत असतो. त्यांची ही हकिगत आहे. माझ्या मते ती यंत्राच्या करामतीची नाही, विश्वासाची आहे. आरंभी या भाषांतरकारावर कोणाचाच विश्वास नव्हता; आज तो तेथे आहे याचीच कोणाला आठवण नाही. दोन्हीही गोष्टी सारख्याच विचार करण्याजोग्या आहेत.

आधी यंत्राची भाषा काय असते ते पाहू. संगणकाच्या आत क्रमांक घातलेल्या हजारो खणांची एक मांडणी असते, असे समजा. प्रत्येक खणात एक आकडा. यंत्राला कळणाऱ्या आज्ञा अगदी मोजक्या: अमुक क्रमांकाच्या खणातला आकडा उचल, तमुक खणातला त्यात मिळव, बेरीज आणखी एका खणात ठेव, बेरीज शून्याहून कमी असेल तर तिसऱ्याच आज्ञेकडे जा. या आज्ञाही शेवटी आकड्यांच्याच रूपात, म्हणजे शून्य आणि एक या दोनच चिन्हांच्या माळेत लिहाव्या लागतात. केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी एड्सॅक नावाचे यंत्र प्रथम चालले, तेव्हा डेव्हिड व्हीलर या तरुणाने एक छोटी सोय केली. माणसाने आज्ञा एका अक्षराने लिहावी, म्हणजे मिळवण्यासाठी एक अक्षर, वजा करण्यासाठी दुसरे, आणि त्या अक्षराचे शून्य-एकात रूपांतर यंत्रानेच आरंभी करून घ्यावे. भाषांतराची ही बाराखडी. पण खणांचा हिशेब अजून माणसाच्याच डोक्यात होता.

तो हिशेब किती जाचक होता हे ग्रेस हॉपर या बाईंनी पुढे पुष्कळ वेळा सांगितले आहे. येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट १९३४ साली मिळवलेल्या या प्राध्यापिका महायुद्धात नौदलाच्या राखीव दलात शिरल्या आणि १९४४ साली हार्वर्डच्या मार्क वन या अवाढव्य यंत्रापाशी येऊन पोहोचल्या. तेथे जो तो आपापली आज्ञावली वहीत लिही. एकाने एखादे नेहमीचे गणित एकदा बसवले की दुसरा ते त्याच्या वहीतून उतरून घेई. मात्र नव्या आज्ञावलीत खणांचे क्रमांक वेगळे, म्हणून उतरताना प्रत्येक क्रमांकात ठराविक आकडा मिळवावा लागे. बाईंनी पाहिले की मोठमोठ्या विद्वानांना दोन गोष्टी मुळीच नीट करता येत नाहीत: एक बेरीज, दुसरी नक्कल. चाराचे भलतेच चिन्ह होई, इंग्रजी 'बी'चा तेरा होई. मग त्यांच्या मनात एक अगदी गृहिणीसुलभ विचार आला. बेरीज आणि नक्कल ही दोन कामे बिनचूक करणारे यंत्र जर समोरच उभे आहे, तर ही कामे आपण का करावी?

१९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फियाच्या एका कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचे यंत्र बांधीत होती, आणि लवकरच ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली. तेथे बाईंनी १९५२ च्या सुमारास ए-झिरो नावाची रचना सिद्ध केली. नेहमी लागणारी गणिते चुंबकीय फितीवर क्रमांक देऊन साठवून ठेवावयाची. माणसाने फक्त क्रमांकांची यादी द्यावयाची. यंत्राने ती ती गणिते फितीवरून शोधून, त्यांतले खणांचे क्रमांक बदलून, एकापुढे एक जोडून पुरी आज्ञावली तयार करावयाची. जागोजागचे वेचे गोळा करून एक पोथी बांधण्यासारखेच हे काम होते. म्हणून त्याला कंपायलर, म्हणजे संकलक, हे नाव पडले. पुढे या यंत्रणेचे काम संकलनाचे न राहता भाषांतराचे झाले, तरी नाव जुनेच राहिले. आपल्याकडे कुलकर्णीपण गेले तरी आडनाव राहते, तसे.

आता कोणाला वाटेल, लोकांनी बाईंना डोक्यावर घेतले असेल. झाले उलटेच. चालता कंपायलर हाती असूनही त्याला हात लावावयास कोणी तयार होईना. यंत्राला आकडेमोड करता येते, आज्ञावली लिहिता येत नाही, असे त्यांना सुनावण्यात आले. पुढे त्यांनी याहून मोठी उडी घेतली. हिशेबनिसांना चिन्हे नकोत, साधी वाक्ये हवीत. तेव्हा इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहाव्या आणि यंत्राने त्यांचे भाषांतर करावे. वरिष्ठांना पटवण्यासाठी बाईंनी एक लहानसा नमुना करून दाखवला, आणि शब्द म्हणजे यंत्राच्या दृष्टीने केवळ खुणा, हे सिद्ध व्हावे म्हणून त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवल्या. त्यांनीच सांगितलेली हकिगत अशी की, हे पाहून वरिष्ठ मंडळी हबकली. फिलाडेल्फियात बांधलेल्या सोज्ज्वळ अमेरिकन यंत्राला फ्रेंच आणि जर्मन समजावे, हे त्यांना अजिबात रुचेना! शेवटी आम्ही फक्त इंग्रजीतच करू, असे आश्वासन बाईंना द्यावे लागले. त्या कामातून फ्लो-मॅटिक ही भाषा निघाली, आणि तिच्या पायावर १९५९-६० साली कोबोल. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर कोबोलमधली एकच आज्ञावली चालवून दाखवण्यात आली. एक मूळ, दोन भाषांतरे. बँकांचे पुष्कळसे व्यवहार आजही कोबोलमधूनच होतात.

अविश्वासाचे कारण केवळ हट्ट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यामागे एक खरा हिशेब होता. तो समजण्यासाठी न्यूयॉर्कला आयबीएम कंपनीत जावे लागते. तेथे जॉन बॅकस या तिशीच्याही आतल्या गृहस्थाने १९५३ साली ७०१ या यंत्रासाठी स्पीडकोडिंग नावाची सोय केली होती. हा जातीचा दुभाषी. माणसाने लिहिलेली सोपी आज्ञा यंत्राने वाचावी, तिचा अर्थ लावावा, ती पार पाडावी, मग पुढची वाचावी. माणसाचे आठवड्यांचे काम यामुळे तासांवर आले. पण यंत्राचे काम मात्र दहा ते वीस पट मंदावले. कारण आमच्या आजोबांचेच. एखादी आज्ञा हजार वेळा करावयाची असेल, तर दुभाषी तिचा अर्थ हजार वेळा नव्याने लावतो. ७०१ वर हे खपून जाई, कारण दशांशचिन्ह सरकवीत करावयाची आकडेमोड त्या यंत्रालाच जड जात असे, आणि त्या दिरंगाईत दुभाष्याची दिरंगाई लपे. नव्या ७०४ यंत्रात ही आकडेमोड यंत्राच्या अंगभूत झाली. आता दुभाषी उघडा पडला.

मग उरला दुसरा भाऊ. सारा कागद आधी वाचून एकदाच भाषांतर करणारा. बॅकसने डिसेंबर १९५३ मध्ये वरिष्ठांना पत्र लिहून तशी योजना मांडली. त्याचा युक्तिवाद पैशाचा होता. आज्ञावली लिहिणाऱ्यांवर होणारा खर्च यंत्राच्या खर्चाइतकाच होत होता, आणि यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जात होता. योजना मंजूर झाली. परंतु जाणकारांनी माना हलवल्या. हाताने लिहिलेल्या आज्ञांइतक्या चपळ आज्ञा यंत्र लिहील? शक्य नाही! बॅकसने पुढे या जाणकारांना पुरोहितवर्गाची उपमा दिली आहे: सामान्यांच्या आवाक्याबाहेरची विद्या आपल्याचपाशी आहे, या समजुतीने ती राखून बसलेले लोक. आपल्याकडे शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला गेला, त्यालाही सातशे वर्षे उलटून गेली. पण विद्या लोकभाषेत आली की तिचे राखणदार कसे अस्वस्थ होतात, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

बॅकसभोवती हळूहळू दहाएक माणसे जमली. लोइस हेब्ट ही कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगीही त्यांत होती. काम सहा महिन्यांत होईल, असे दर वेळी सांगण्यात येई. प्रत्यक्षात ते एप्रिल १९५७ पर्यंत चालले. यंत्र रात्री मोकळे मिळे, म्हणून ही मंडळी जवळच्या एका हॉटेलात दिवसा थोडी झोप काढीत आणि रात्रभर यंत्रापाशी बसत. भाषेचे नाव फोर्ट्रान, म्हणजे सूत्रांचे भाषांतर.

हे भाषांतर होते कसे? ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल त्यांना ते चटकन समजेल, कारण गुरुजी श्लोक शिकवताना जे करीत तेच कंपायलर करतो. आधी पदच्छेद, मग अन्वय, मग अर्थ. समजा, मी लिहिले: एकूण = पगार + दर × तास. यंत्रापुढे ही नुसती अक्षरांची माळ आहे. पहिल्या पायरीवर तिचे शब्द सुटे करावयाचे: 'एकूण' एक, बरोबरचे चिन्ह दुसरे, 'पगार' तिसरे, याप्रमाणे. दुसऱ्या पायरीवर कोण कोणाला लागतो ते पाहावयाचे. येथे 'पगार' आणि 'दर' शेजारी दिसले तरी त्यांचा संबंध नाही. 'दर' हा 'तास'शी बांधलेला आहे, कारण गुणाकार बेरजेच्या आधी. शाळेतले 'कंचेभागुबेव' आठवा. फोर्ट्रानच्या कंपायलरात हे काम जागोजाग कंस भरून केले होते. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक नावाला खण नेमून द्यावयाचा आणि यंत्राच्या आज्ञा लिहावयाच्या: 'दर'च्या खणातला आकडा उचल, 'तास'च्या खणातल्याने गुण, 'पगार'च्या खणातला मिळव, 'एकूण'च्या खणात ठेव.

एवढ्यावर भाषांतर बरोबर होते. चपळ होत नाही. चपळपणा हीच बॅकसच्या मंडळींची प्रतिज्ञा होती. ७०४ यंत्रात खणांचे क्रमांक झटपट मोजण्यासाठी हाताशी असलेल्या जागा फक्त तीन. त्या केव्हा कोणाला द्यावयाच्या हे ठरवण्यासाठी आज्ञावलीचा कोणता भाग सर्वांत जास्त वेळा फिरेल हे आधी कळावयास हवे. लोइस हेब्टच्या वाट्याला आलेला भाग हाच होता. कंपायलर आज्ञावली लुटुपुटूची चालवून पाही आणि कोणत्या वाटेने किती येजा होते याचा अदमास घेई. आणि मग गंमत अशी झाली की, कंपायलरने लिहिलेल्या आज्ञा पाहून त्याचे कर्तेच चकित होऊ लागले. एखादी आज्ञा भलत्या जागी गेली, ही चूकच, असे वाटून ते शोधावयास बसत, आणि शोधता शोधता कळे की ती तेथेच असावयास हवी होती. आपल्याला सुचली नसती अशी वाट त्याने काढली होती.

एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाऊसच्या प्रयोगशाळेत सुमारे दोन हजार कार्डांचा एक गठ्ठा येऊन पडला. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तेथल्या मंडळींनी ओळखले की हाच तो फोर्ट्रान असावा. त्यांनी आपली एक आज्ञावली त्याला देऊन पाहिली. थोड्या वेळाने यंत्राने छापून कळवले की, अमुक ओळीत कंस मिटल्यानंतर स्वल्पविराम राहिला आहे. पाहिले तो खरेच राहिला होता! तो घातला, आणि आज्ञावली चालली. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. परक्या घरी गेलेल्या भाषांतरकाराने पहिले वाक्य बोलले ते मूळ लेखकाची चूक दाखवणारे. तेथून पुढे अविश्वासाचे पारडे वर जाऊ लागले.

दुसऱ्या भावाचा असा जयजयकार चालला असताना पहिला भाऊ मागल्या दाराने परत आला. एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प नावाची भाषा मांडली, आणि तिची थोरवी पटवण्यासाठी त्याच भाषेत एक सूत्र कागदावर लिहिले. लिस्पमधले कोणतेही वाक्य घेऊन त्याचा अर्थ लावणारे असे ते सूत्र होते. ते केवळ सिद्धांतापुरते. स्टीव्ह रसेल हा त्यांचा सहकारी म्हणाला, हे मी यंत्राच्या भाषेत उतरवतो. मॅकार्थींनी त्याला समजावले की, अरे, तू वाचावयाची गोष्ट करावयाची समजतो आहेस. रसेलने ऐकले नाही, सूत्र यंत्रात उतरवले, आणि लिस्पचा दुभाषी चालू लागला. दुभाष्यापाशी माणसाला एक वाक्य बोलून ताबडतोब उत्तर मिळते. "साक्षीदार समोर उभा असतो" म्हणत ते हेच. पुढे घरगुती संगणक आले तेव्हा मुलांनी पहिले धडे गिरवले ते बहुतेक दुभाष्यापाशीच. १९९५ साली आलेल्या जावा भाषेपासून तर दोघे भाऊ एकाच ओसरीवर बसू लागले आहेत. एक वाक्यागणिक अर्थ लावीत जातो, दुसरा शेजारी बसून पाहतो. कोणता भाग पुन्हा पुन्हा येतो ते ओळखून तेवढ्याचेच कायमचे भाषांतर करून ठेवतो. आमच्या आजोबांना ही तडजोड खचित आवडली असती.

या हकिगतीत पाणिनीचेही नाव येते, ते ओढूनताणून नव्हे. १९५९ साली पॅरिसला एका परिषदेत बॅकसने भाषेचे व्याकरण अगदी थोड्या चिन्हांत, सूत्रांवर सूत्र रचून मांडण्याची पद्धत दाखवली. डेन्मार्कच्या पीटर नौर यांनी ती सुधारून १९६० सालच्या अल्गोल भाषेसाठी वापरली. व्याकरण असे नेमके लिहिले की अन्वय लावण्याचे काम यंत्राला आखून देता येते. १९६७ साली इंगरमन नावाच्या अमेरिकन जाणकाराने एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले की, अशा स्वरूपाची सूत्रपद्धती पाणिनीने फार पूर्वीच वापरली आहे. तेव्हा या पद्धतीला पाणिनी-बॅकस असे नाव द्यावे. नाव काही रूढ झाले नाही. पण आपण संस्कृताच्या तासाला घोकलेले अगदीच फुकट गेले नाही, एवढे समाधान मला त्यातून मिळाले.

आपल्या मुंबईत गणकयंत्र आले ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तेथल्या मंडळींनी ते स्वतः बांधले. १९६० साली ते पूर्णपणे चालू झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यानंतर १९६४ साली सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र तेथे आले. त्याबरोबर फोर्ट्रानही आला, आणि देशातल्या अनेक संस्थांची माणसे कार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याची वाट धरू लागली. कानपूरच्या आयआयटीत १९६३ सालीच फोर्ट्रान पोहोचला होता. मी या विद्येत शिरलो तो १९६८ साली, अगदीच सामान्य जागी. एका कचेरीत हिशेबाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या नोकरीवर. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण जो अपराध सांगावयाचा आहे तो माझा आहे.

१९६९ साली कामगारांच्या थकबाकीचा हिशेब करण्याचे काम माझ्याकडे आले. मी हौसेने आज्ञावलीत मराठी नावे घातली, अर्थात रोमन अक्षरांत: पगार, दर, तास, जादा, एकूण. दराला तासांनी गुणून जादा कामाचे पैसे काढावयाचे आणि ते 'जादा' या खणात ठेवावयाचे. मग पगारात 'जादा' मिळवून 'एकूण'. कार्डे भोके पाडून आली, कंपायलरने एकही चूक काढली नाही, याद्या छापून निघाल्या. एकूण रकमांत रुपये होते, पैसे होते, सारे ठाकठीक. मी याद्या आमच्या हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवल्या. ते निवृत्तीला आलेले गृहस्थ. यंत्रावर त्यांचा राग नव्हता, पण लोभही नव्हता. त्यांनी चष्मा लावून दहा कामगारांचे हिशेब हाताने केले आणि मला बोलावले. "काय हो," ते म्हणाले, "सगळ्यांचे जादाचे पैसे नेमके रुपयांतच कसे येतात? याचा दर पंच्याऐंशी पैसे, तास पाच. चार रुपये पंचवीस पैसे व्हावयास हवेत. तुमचे यंत्र चारच रुपये देते."

मी यंत्रावर संशय घेतला, कार्डांवर घेतला, भोके पाडणाऱ्या मुलीवर घेतला. शेवटी कारण सापडले ते फोर्ट्रानच्या जन्मापासूनच्या एका नियमात. ज्या नावाचे पहिले अक्षर आय, जे, के, एल, एम, एन या सहांपैकी असेल, त्या खणात पूर्णांकच ठेवावयाचे. दुसरे काही सांगितले नसेल तर अपूर्णांक छाटून टाकावयाचा. पगार, दर, तास, एकूण यांची अक्षरे या सहांत येत नव्हती. 'जादा'चे मात्र 'जे'! सवाचार रुपयांतले पाव रुपये तेथे निमूटपणे गळत होते. फोर्ट्रानच्या जुन्या आवृत्तीने पूर्णांक आणि अपूर्णांक यांची अशी बेरीज नाकारली तरी असती. आमच्याकडचा कंपायलर अधिक उदार होता, त्याने ती गोड मानून घेतली.

भाषांतर अक्षरशः बिनचूक होते. चूक होती ती माझ्या मराठीची आणि त्याच्या नियमांची गाठ पडली त्या जागी, आणि त्या जागी उभा राहून पाहणारा एकच मनुष्य निघाला, तोही यंत्राची भाषा न येणारा. याद्या पुन्हा छापल्या, कामगारांना पुरे पैसे मिळाले. कोणाला काही कळले नाही. त्या रात्री मला आजोबांचे ते वाक्य आठवले, आणि पहिल्यांदाच ते कळले.

हेच भय मोठ्या प्रमाणावर जगापुढे मांडले ते केन टॉम्प्सन यांनी, १९८४ साली छापून आलेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात. ते समजण्यासाठी आणखी एक मौज ठाऊक हवी. कंपायलर ही स्वतःच एक आज्ञावली असते, आणि ती बहुधा त्याच भाषेत लिहितात जिचे ती भाषांतर करते. लिस्पच्या कंपायलराने १९६२ सालीच स्वतःचे भाषांतर स्वतः केले होते. नवा कंपायलर जुन्याकडून भाषांतरित होतो, त्याच्याकडून त्याच्या पुढचा. गुरुशिष्यपरंपराच म्हणा ना. टॉम्प्सन यांनी दाखवले की, एका पिढीतल्या कंपायलराला दोन गुप्त गोष्टी शिकवून ठेवता येतात. एक, यंत्राचे कुलूप उघडणाऱ्या आज्ञावलीचे भाषांतर करताना तीत एक चोरदार ठेवणे. दुसरी, पुढच्या कंपायलराचे भाषांतर करताना त्याच्या कानात या दोन्ही गोष्टी सांगणे. मग लिहिलेल्या मजकुरातून ही लबाडी पुसून टाकली तरी चालते. मजकूर स्वच्छ, कोणीही वाचावा. आणि चोरदार तरीही पिढ्यान्पिढ्या चालू. एखाद्या दुभाष्याने आपल्या शिष्याला एका शब्दाचा खोटा अर्थ तोंडी शिकवावा आणि शिष्याने त्याच्या शिष्याला, तसे हे. कोणत्याही कोशात तो सापडावयाचा नाही.

ही निव्वळ पंडिती शंका राहिली नाही. २०१५ साली चीनमध्ये ॲपलच्या फोनसाठी आज्ञावली तयार करण्याच्या साधनाच्या भेसळ केलेल्या प्रती पसरल्या. ज्यांनी त्या भाबडेपणाने वापरल्या, त्यांनी हाताने लिहिलेला मजकूर निर्मळ असूनही भाषांतर होऊन बाहेर पडलेल्या वस्तूंत परक्याचा मजकूर शिरला. यावर उपायही सुचला आहे, आणि तो कोर्टातलाच आहे: दुसरा दुभाषी बोलवावा. केंब्रिजच्या व्हीलरांच्याच नावाच्या, पण त्यांच्याहून निराळ्या एका अमेरिकन डेव्हिड व्हीलर यांनी २००९ साली आपल्या प्रबंधात हे पद्धतशीर मांडले. संशयित कंपायलराच्या मूळ मजकुराचे भाषांतर दुसऱ्याच घराण्यातल्या कंपायलराकडून करून घ्यावयाचे, आणि त्यातून निघालेल्या कंपायलराकडून तोच मजकूर पुन्हा भाषांतरून घ्यावयाचा. हाती आलेली प्रत संशयिताशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावयाची. जुळली तर कानगोष्ट नाही. दोन्ही दुभाषी एकाच लबाडीत सामील असण्याचा संभव फार थोडा, एवढाच त्याचा आधार. न्यायदेवतेपाशी तरी याहून मोठा आधार कोणता असतो?

गेल्या दिवाळीत माझी नात घरी आली होती. ती आता साध्या बोलीभाषेत यंत्राला सांगते, आणि यंत्र आज्ञावली लिहून देते. मग जुना कंपायलर तिचे यंत्रभाषेत भाषांतर करतो. म्हणजे माणसाच्या आणि यंत्राच्या मध्ये आणखी एक दुभाषी येऊन बसला आहे. हा तर असा की, साक्षीदाराने अर्धे सांगितले तर उरलेले अर्धे आपल्या मनाने जोडणारा. मी कौतुकाने पाहात होतो. तिच्या बचतगटाच्या मैत्रिणींच्या व्याजाचा हिशेब तिने घटकाभरात करून घेतला, आणि रकमा समोर झळकल्या.

"आजोबा, बघा, झाला सुद्धा!" ती म्हणाली.

मी तिच्या आईकडून एक कागद आणि पेन्सिल मागून घेतली. दहा जणींचे हिशेब आम्ही दोघांनी हाताने केले. नऊ बरोबर निघाले आणि दहाव्यात माझीच बेरीज चुकली होती. ती खूप हसली. मीही हसलो, पण पुढच्या खेपेलाही दहा हिशेब हाताने करशील ना, असे तिच्याकडून कबूल करून घेतले, आणि मगच करंजीला हात लावला.